एकाच खोलीतल्या दोन क्लिप, एक पिवळी एक निळी: व्हाइट बॅलन्स नेमका कुठे बिघडलाय ते कसं शोधायचं

एडिटिंगला बसलं की हा प्रॉब्लेम महिन्यातून दोनतीनदा तरी समोर येतोच, कधी माझ्याच फुटेजमध्ये, कधी कुणीतरी पाठवलेल्या प्रोजेक्टमध्ये. माणूस तोच, खोली तीच, खुर्ची तीच, आणि दोन क्लिप शेजारी ठेवल्या की एकीत चेहरा पिवळाधम्मक आणि दुसरीत निळसर, आजारी असल्यासारखा. मग आपण टेम्परेचरचा, म्हणजे चित्र पिवळं-निळं करणारा, स्लायडर धरतो, इकडे ओढतो, तिकडे ओढतो, जरा बरं वाटलं की एक्स्पोर्ट मारतो, मोबाईलवर बघतो आणि परत तेच, फक्त आता दुसऱ्या बाजूला चुकलेलं.

इतक्या वेळा हे निस्तरलंय की आता मी स्लायडरला हात लावायच्या आधी एकच गोष्ट ठरवतो, दोष कुठे बसलाय. स्क्रीनमध्ये आहे, सॉफ्टवेअर फाईल चुकीची वाचतंय म्हणून आहे, आधी कुणी लावून ठेवलेल्या इफेक्टमुळे आहे, की खरंच शूट करताना चुकलंय. या चारही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, पण उपाय वेगवेगळे आहेत आणि चुकीच्या जागी उपाय केला की तो बिघाड फाईलमध्ये कायमचा जाऊन बसतो.

आधी लक्षणं

पूर्ण फ्रेमवर एकच छटा पसरलीय, भिंत, शर्ट, कागद सगळंच सारखं पिवळं किंवा निळं, तर हा साधा व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कॅमेऱ्याचं पांढरं लाइटच्या रंगाशी न जुळल्याचा, दोष, लवकर सुटतो. चेहरे हिरवट दिसतायत तर बहुतेक ट्यूबलाइट किंवा स्वस्तातल्या एलईडीखाली शूट झालंय. चेहऱ्याचा एक गाल निळा आणि दुसरा नारिंगी, म्हणजे दोन जातींचे लाइट एकत्र आलेत, याला वेळ लागणार हे आधीच धरून चाला. क्लिप सुरू होताना ठीक आहे आणि मधेच रंग हळूहळू सरकतो, तर कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता.

आणि सगळंच फिकट, राखाडी, धुऊन काढल्यासारखं दिसतंय, किंवा उलट चेहरे पांढरेफटक आणि आकाश जळलेलं दिसतंय, तर तो व्हाइट बॅलन्स नाहीच. तिथे टेम्परेचर फिरवत बसलात तर दिवस जाईल, सरळ खाली फाईल वाचण्याचा भाग आहे तिथे या. सॉफ्टवेअरमध्ये छान आणि एक्स्पोर्ट केल्यावर वेगळं, हेही तसंच, त्याचं शेवटी बघू.

पहिलं बघायचं: स्क्रीन आणि डोळे

याला काहीच लागत नाही, अर्धा मिनिट पुरतो, आणि तरी लोक हे सगळ्यात शेवटी बघतात. नाइट लाइट, नाइट शिफ्ट, ट्रू टोन, मॉनिटरचा स्वतःचा आय केअर किंवा रीडिंग मोड, यातलं काही चालू आहे का? असेल तर बंद करा. मॉनिटरच्या मेनूमध्ये कलर टेम्परेचर ६५०० केल्विन (केल्विन म्हणजे लाइटच्या रंगाचं माप) किंवा एसआरजीबी असं सेटिंग असतं ते लावा, कारण व्हिडिओचं पांढरं हे साधारण त्या ६५०० वरच ठरवलेलं आहे, रेक ७०९ या साध्या व्हिडिओच्या रंगांच्या स्टँडर्डमध्ये तेच आहे. व्हिव्हिड, डायनॅमिक असले मोड असतील तर तेही काढा.

का महत्त्वाचं ते सांगतो. मी एकदा लेक्चरच्या अकरा व्हिडिओंचं करेक्शन रात्री एका बैठकीत संपवलं, प्रत्येक क्लिप हाताने, मन लावून. संध्याकाळी नाइट लाइट आपोआप चालू झाला होता आणि तो इतका हळू चढतो की कळलंच नाही. स्क्रीन पिवळी म्हणून मी प्रत्येक क्लिप निळ्याकडे ढकलत गेलो, आणि सकाळी उघडून बघतो तर अकराच्या अकरा व्हिडिओत शिकवणारा माणूस थंडीत गारठल्यासारखा. स्क्रीनचा पिवळेपणा माझ्यापाशीच राहिला आणि त्यावर केलेला निळा उतारा मात्र फाईलमध्ये गेला. सगळं काम परत केलं.

डोळ्यांचंही तसंच आहे. एका छटेकडे पाचदहा मिनिटं बघत राहिलं की मेंदू तिलाच पांढरं मानायला लागतो, ही मेंदूची नेहमीची सवय आहे, प्रॅक्टिसने ती जात नाही. म्हणून मध्ये मध्ये उठा, खिडकीबाहेर बघा, परत येऊन पहिल्या सेकंदात जे वाटतं ते लक्षात घ्या, तेच जास्त खरं असतं. खोलीत रंगीत बल्ब, मागे भडक भिंत, सॉफ्टवेअरची रंगीत थीम असलं काही नको, राखाडी सगळ्यात बरं.

मग: आधीच काही लावलेलं आहे का

सगळे इफेक्ट बंद करून मूळ क्लिप बघा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट आणि डी दाबलं की ग्रेड, म्हणजे रंगाचं केलेलं सगळं काम, बायपास होतो, प्रीमियरमध्ये ल्युमेट्री या कलर इफेक्टच्या नावाशेजारचं एफएक्सचं बटण बंद करा. मूळ क्लिप चांगली निघाली तर दोष तुमच्या थरांमध्ये आहे. हे फार कॉमन आहे, वर ॲडजस्टमेंट लेयरवर कुणीतरी एक लुक टाकलेला असतो आणि खाली क्लिपवर तीच एलयूटी, म्हणजे रंग बदलणारी तयार फाईल, जिला सगळे लट म्हणतात ती, परत लावलेली असते, दोनदा. किंवा ऑटो कलर दाबून विसरलेलं असतं.

तिसरं: स्कोप उघडा

स्कोपला, म्हणजे चित्रातले रंग आणि उजेड मोजून दाखवणाऱ्या ग्राफना, लोक घाबरतात, पण या कामापुरतं फक्त परेड वाचता आलं तरी पुरे. आरजीबी परेडमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन ग्राफ शेजारी शेजारी असतात. डावं-उजवं म्हणजे फ्रेममधलं डावं-उजवं, आणि वर-खाली म्हणजे त्या चॅनेलची उंची, किती प्रकाश आहे ते. फ्रेममध्ये जी वस्तू खरोखर बिनरंगाची आहे, राखाडी भिंत, कागद, सिमेंटचा खांब, ती तिन्ही ग्राफमध्ये एकाच उंचीवर यायला पाहिजे. बस, व्हाइट बॅलन्स म्हणजे एवढंच.

परवाचंच उदाहरण घ्या. इंटरव्ह्यू, मागे साधी राखाडी भिंत. परेडमध्ये भिंतीची पट्टी लाल चॅनेलमध्ये ६२ च्या आसपास, हिरव्यात ५५, निळ्यात ४१. डोळ्याला ती भिंत नुसती उबदार वाटत होती, छानच वाटत होती खरं तर, पण लाल आणि निळ्यात २१ चं अंतर म्हणजे उबदार बिबदार काही नाही, कॅमेऱ्याचं सेटिंग सरळ चुकलंय. हे अंतर दिसलं की अंदाज संपतो, किती आणि कुठल्या दिशेला सरकवायचं ते समोर असतं.

सोबत व्हेक्टरस्कोप ठेवा. त्यात मधोमध म्हणजे रंग नाही. पूर्ण ठिपक्यांचा पुंजका एका बाजूला कललेला दिसला तर त्या बाजूची छटा आहे. पण फ्रेमच मुळात हिरवळीची असेल तर पुंजका हिरव्याकडे जाणारच, तो दोष नाही, म्हणून निव्वळ पुंजका मध्यावर आणायच्या मागे लागू नका. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी एक तिरकी रेघ असते, स्किन टोनची. माणसाची त्वचा गोरी असो काळी असो, छटा साधारण त्याच रेघेच्या आसपास पडते, कारण ती बऱ्याच अंशी रक्त आणि मेलॅनिनमुळे ठरते, फरक पडतो तो उजेडात आणि रंगाच्या जोरात. चेहऱ्याभोवती मास्क करून फक्त तेवढाच भाग स्कोपवर बघा. रेघेवर तंतोतंत बसवायचा हट्ट नको, जवळपास असला की झालं.

चौथं: सॉफ्टवेअर फाईल बरोबर वाचतंय का

फिकट, राखाडी फुटेज असेल तर बहुतेक लॉग नावाच्या रेकॉर्डिंग मोडमध्ये शूट झालेलं असतं, एस-लॉग ३, व्ही-लॉग, सी-लॉग वगैरे. ते तसंच दिसायला हवं, कारण जास्त उजेड-अंधार बसवायला कॅमेऱ्याने तो दाबून ठेवलेला असतो. त्याला त्याच्या स्वतःच्या कन्व्हर्जनने रेक ७०९ मध्ये आणावं लागतं. एस-लॉग ३ ला व्ही-लॉगची लट लावली तर रंग असे काही विचित्र वळतात की माणूस त्याला व्हाइट बॅलन्स समजतो. शूट करणाऱ्याला विचारा, कुठला लॉग होता. अंदाजाने लावू नका.

चेहरे पांढरेफटक झाले असतील तर क्लिप एचडीआर, म्हणजे साध्यापेक्षा जास्त उजेड दाखवणारा व्हिडिओ, आहे का बघा. आयफोन १२ पासून पुढचे फोन एचडीआर व्हिडिओ काढतात, आणि ती क्लिप साध्या टाइमलाइनवर नीट कन्व्हर्ट न होता पडली की उजेडाचा भाग फाटतो. प्रीमियरमध्ये क्लिपचा कलर स्पेस बदलायची सोय आहे, रिझॉल्व्हमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करून इनपुट कलर स्पेस क्लिपवर राइट क्लिक करून देता येतो.

आणि रेंज. व्हिडिओत साधारणपणे काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, काही रेकॉर्डर ० ते २५५ असं लिहितात. सॉफ्टवेअरने एकाला दुसरं समजलं की एक तर काळा राखाडी होतो नाहीतर सावल्या गिळल्या जातात. रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स म्हणून आहे, तिथे व्हिडिओ आणि फुल एकदा बदलून बघा.

रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद असलेलं, फुटेज असेल तर नशीब. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स फाईलवर भाजलेला नसतो, नुसती नोंद असते, त्यामुळे कॅमेरा रॉच्या पॅनेलमध्ये जाऊन आकडा बदलला की जवळजवळ शूटच्या वेळी बदलल्यासारखंच. ते सोडून बाकीच्या व्हीलमध्ये (रंग सरकवायच्या गोल चाकांमध्ये) आणि स्लायडरमध्ये झगडू नका.

आता खरं करेक्शन

आधी ड्रॉपर. टेम्परेचरच्या शेजारी जो पिकर असतो तो घेऊन बिनरंगाच्या जागी क्लिक करायचं. इथे सगळी गंमत कुठे क्लिक करता त्यात आहे. सगळ्यात उजळ पांढऱ्यावर क्लिक करू नका, खिडकी, बल्ब, शर्टावरची चमक, तिथे एखादा चॅनेल वर जाऊन कापला गेलेला असतो आणि सॉफ्टवेअरला मिळणारा हिशोबच खोटा असतो. मधल्या उजेडातला राखाडी घ्या. पांढरा कागद सोपा वाटतो, पण बऱ्याच कागदात आणि धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत उजळवणारं रसायन असतं जे अतिनील किरणं खाऊन निळसर उजेड फेकतं, उन्हात तर जास्तच, म्हणून कागदावर बॅलन्स केलं की बाकी फ्रेम किंचित पिवळी होते. डोळ्यांचं पांढरं आणि दात हे तर पांढरे नसतातच. तीनचार ठिकाणी क्लिक करून बघा, उत्तरं जवळजवळ आली तर विश्वास ठेवा, वेगवेगळी आली तर फ्रेममध्ये दोन लाइट आहेत.

ड्रॉपरने नाही जमलं तर हाताने. टेम्परेचर निळा-नारिंगी सांभाळतो, टिंट हिरवा-मॅजेंटा. आधी टेम्परेचरने लाल आणि निळा एका उंचीला आणा, मग हिरवा जो उरेल तो टिंटने. दोन्ही एकदम हलवले की गोल गोल फिरत बसाल. ट्यूबलाइटचं फुटेज असेल तर टेम्परेचर कितीही फिरवा, हिरवट जाणारच नाही, कारण तो दोष त्या दिशेला नाहीच, तिथे मॅजेंटाकडे टिंट द्यावा लागतो.

केल्विनच्या आकड्याबद्दल एक सांगायचंय कारण यात खूप गोंधळ होतो. टंग्स्टन बल्ब ३२०० केल्विन, दिवसाचा उजेड ५६०० च्या आसपास. कॅमेऱ्यात ५६०० ठेवून टंग्स्टनखाली शूट केलं तर चित्र नारिंगी येतं, ३२०० ठेवून बाहेर शूट केलं तर निळं. म्हणजे कॅमेऱ्यातला आकडा वाढवला की चित्र गरम होतं, तो आकडा लाइटचा आहे, चित्राचा नाही. आणि प्रत्येक ५०० केल्विनचा फरक सारखा नसतो. ३२०० वरून ३७०० ला जाणं हे ५६०० वरून ६१०० ला जाण्यापेक्षा डोळ्याला जवळपास तिप्पट मोठं आहे. म्हणून बल्बखाली शूट झालेल्या क्लिपला जरासं हलवलं तरी खूप बदलतं, तिथे हात हलका ठेवा.

करेक्शन कुठल्या जागी लावता यालाही फार महत्त्व आहे. व्हाइट बॅलन्स लटच्या आधी. लटने एकदा कॉन्ट्रास्ट वाकवला की मग हायलाइटमधला निळा काढला तर सावलीत राहतो आणि सावलीतला काढला तर हायलाइट पिवळे पडतात, कित्येकांचं सगळं बरोबर असून केवळ या क्रमापायी जमत नाही. लॉग फुटेजवर, लटच्या आधी, ऑफसेट व्हील वापरून बघा. लॉगमध्ये सगळ्या उजेडाला सारखं सरकवणं हे जवळजवळ कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स बदलण्यासारखंच वागतं, सावली आणि हायलाइट दोन्ही एकदम जागेवर येतात. पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, तीन व्हील घेऊन तासभर जे जमत नव्हतं ते एका व्हीलने झालं.

मधेच सरकणारा रंग

ऑटो व्हाइट बॅलन्सवरच्या क्लिपला एक करेक्शन पुरत नाही. लाल जॅकेट घातलेला माणूस फ्रेममध्ये आला की कॅमेऱ्याला वाटतं लाइटच लाल झालाय, आणि तो सगळं निळसर करून टाकतो, माणूस गेला की परत. जिथे बदल सुरू होतो तिथे एक कीफ्रेम (त्या क्षणाचं सेटिंग पक्कं करणारी खूण), संपतो तिथे दुसरा, आणि मागची भिंत परेडमध्ये दोन्हीकडे एकाच उंचीवर. मधल्या प्रवासात भिंत उडताना दिसली तर अजून एखादा. यापेक्षा जास्त कीफ्रेम लागायला लागले तर शॉटच बदला किंवा वर दुसरं दृश्य टाकून झाका. पुढच्या वेळी शूट करताना व्हाइट बॅलन्स लॉक, फोनमध्येसुद्धा, आणि सुरुवातीला पाच सेकंद ग्रे कार्ड धरायचं. हे पाच सेकंद एडिटिंगमधले तास वाचवतात.

दोन लाइट

खिडकीतून दिवसाचा उजेड आणि टेबलावर पिवळा दिवा, हा सगळ्यात कठीण प्रकार. इथे बरोबर असं एक उत्तर नसतं, कुणाला बरोबर मानायचं ते ठरवावं लागतं. माझं मत ठाम आहे, चेहऱ्यावर जो लाइट जास्त आहे त्याला बॅलन्स करा आणि दुसरा राहू द्या. खिडकी थोडी निळी, दिवा थोडा पिवळा, हे बघणाऱ्याला नैसर्गिकच वाटतं, खऱ्या खोलीतही तसंच असतं. सगळं न्यूट्रल करायला गेलं की चित्र मेल्यासारखं होतं. एका गालावरचा निळा फारच खुपत असेल तर तेवढ्यापुरता मऊ कडेचा मास्क, ट्रॅक करून, आणि आत टेम्परेचर अर्ध्यापर्यंतच. पूर्ण काढायला गेलात तर मान हलली की मास्कची कड दिसते.

शॉट जुळवणं

एक शॉट निवडा, तो आधी नीट करा, मग बाकी सगळे त्याच्याशी जुळवा. प्रीमियरमध्ये कम्पॅरिझन व्ह्यू आहे, रिझॉल्व्हमध्ये स्टिल काढून वाइप करता येतो. प्रत्येक शॉट स्वतंत्रपणे बरोबर करत गेलात तर प्रत्येकात थोडी चूक वेगळ्या बाजूला राहते आणि कट आला की ती दिसते. बघणाऱ्याला सगळा व्हिडिओ किंचित उबदार असला तर कळणारही नाही, पण दोन शॉटमधली उडी लगेच कळते. ऑटो मॅच वापरा, सुरुवातीला बरं असतं, पण नंतर परेड बघितल्याशिवाय सोडू नका.

एक्स्पोर्टनंतर बदलतंय

फाईल परत सॉफ्टवेअरमध्ये आणून मूळच्या वर ठेवा. स्कोप सारखेच आले तर फाईल ठीक आहे, प्लेअर वेगळं दाखवतोय. मॅकवर क्विकटाइममध्ये तीच फाईल जरा फिकी दिसणं हे जुनं दुखणं आहे, रेक ७०९ चा टॅग वाचून ते गामा, म्हणजे मधला उजेड किती दाखवायचा ते, वेगळा लावतं. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी रेक ७०९-ए असा टॅग दिलाय, पण तो लावला तर बाकीच्या ठिकाणी कसं दिसतं तेही तपासा. त्या एका प्लेअरसाठी ग्रेडमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवू नका, बाकी सगळीकडे ते काळपट दिसेल. स्कोपच वेगळे आले तर मात्र एक्स्पोर्टची रेंज आणि कलर स्पेस बघा.

कुठे थांबायचं

परेडमध्ये एखादा चॅनेल वर सपाट कापलेला किंवा तळाला चिकटलेला असेल तर थांबा. नारिंगी लाइटखाली चुकीच्या सेटिंगवर शूट झालेल्या क्लिपमध्ये निळा चॅनेल जवळपास रिकामा असतो, ८ बिट फाईलमध्ये एका चॅनेलला मुळात २५६ पायऱ्या, त्यातल्या खालच्या थोड्याच वापरलेल्या, त्या ताणल्या की चेहऱ्यावर दाणे आणि भिंतीवर पट्टे येतात. १० बिटमध्ये १०२४ पायऱ्या असतात म्हणून तिथे जास्त सहन होतं, पण जे रेकॉर्डच झालं नाही ते कुठलाही स्लायडर आणत नाही. अशी क्लिप ब्लॅक अँड व्हाइट करणं किंवा परत शूट करणं, दोन्ही प्रामाणिक मार्ग आहेत.

एलईडीमुळे फ्रेमवर रंगीत पट्टे वर-खाली सरकत असतील तर तो व्हाइट बॅलन्स नाही, शटर आणि विजेच्या फ्रिक्वेन्सीचं जमलेलं नाही, तिथे डीफ्लिकरचं काम आहे. टीव्हीवर किंवा थिएटरला जाणारं काम असेल, कपड्याचा किंवा उत्पादनाचा रंग हुबेहूब लागत असेल, किंवा तीनचार वेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज असेल आणि कॅलिब्रेटेड मॉनिटर तुमच्याकडे नसेल, तर कलरिस्टकडे, म्हणजे रंगाचंच काम करणाऱ्याकडे, द्या. तुम्हाला लाल-हिरव्यात गल्लत होते असं कधी जाणवलं असेल तरीही द्या, पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा बरंच जास्त असतं आणि अनेकांना मोठेपणी कळतं, स्कोपवर बरंच भागतं पण चेहऱ्याचा शेवटचा निर्णय दुसऱ्या डोळ्यांनी घेतलेला बरा.

देताना मूळ फाईली द्या, तुम्ही करेक्ट करून एक्स्पोर्ट केलेल्या नाही, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. सोबत कॅमेरा कुठला, लॉग कुठला, व्हाइट बॅलन्सचा आकडा काय होता, खोलीत कुठले लाइट होते हे लिहून द्या, आणि तुम्हाला आवडलेला एक फ्रेम स्टिल म्हणून. एक्सएमएल किंवा टाइमलाइन देणार असाल तर त्यातले तुमचे सगळे कलर इफेक्ट आधी काढा.